मधूनच बंद पडणारी गाडी : सेन्सर बदलण्याआधी तार तपासा

जुनी मोटार बाळगणाऱ्या व्यापारी बंधूंना एक दुखणे चांगलेच परिचयाचे आहे. गाडी रस्त्यात अचानक झटके देते, मीटरमधला पिवळा चेक लाइट लागतो, कधी इंजिन बंदही पडते. पण गॅरेजच्या दारात नेऊन उभी केली की दिवा विझलेला आणि गाडी अगदी शहाण्यासारखी चालू! मिस्त्री म्हणतो, "शेठ, गाडी तर ठीक आहे." आपण परत निघतो आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच तमाशा. कायमची बंद पडलेली गाडी दुरुस्त करणे त्या मानाने सोपे असते. अधूनमधून बिघडणारी गाडी मात्र मालकाचा खिसा आणि मिस्त्रीची अब्रू दोन्ही खाते.

मी कापडाचा व्यापारी, मोटारीचा कारागीर नव्हे. तरीही या विषयावर लिहीत आहे, कारण या दुखण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. त्यातून जे शिकायला मिळाले ते गाडीवाल्याच्या जेवढे उपयोगाचे आहे तेवढेच गॅरेजवाल्याच्याही. आपल्या समाजातील पुष्कळ घरांची चूल गॅरेजवर पेटते. भिवंडी असो, मालेगाव असो की कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड, पाना हातात घेतलेली आपली मुले जागोजागी दिसतात. म्हणून हा प्रश्न एका गाडीचा नाही, एका हुनराचा आहे.

तीन गॅरेज, तीन निदाने

माझी गाडी २००८ सालची, पेट्रोलवर चालणारी. २०२२ च्या उन्हाळ्यात तिने झटके द्यायला सुरुवात केली. पहिल्या गॅरेजमध्ये प्लग आणि फिल्टर बदलले. तिथल्या मिस्त्रीने सल्ला दिला, "बंद पडली तर वीस मिनिटे थंड होऊ द्या, मग चावी मारा." तसे केले की गाडी खरोखर सुरू व्हायची. दुसऱ्या ठिकाणी पेट्रोलचा पंप बदलला. आठवडाभर बरे वाटले, मग पुन्हा तेच. तिसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावला. पडद्यावर पी-०३३५ हा कोड आला. तो क्रँक सेन्सरचा. बाजारातून सेन्सर आणून बसवला आणि गाडी सुधारली. तीन आठवडे एक झटका नाही. मी अल्हम्दुलिल्लाह म्हणून निश्चिंत झालो.

त्याच भरवशावर अम्मीला घेऊन नात्यातल्या एका निकाहसाठी मालेगावला निघालो. कसारा घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये वळणावर चढत असताना एक झटका बसला आणि इंजिन बंद. स्टेअरिंग जड झाले, ब्रेक दगडासारखा झाला. मागे भरलेला ट्रक होता. त्याच्या ड्रायव्हरने वेळीच गाडी बाजूला काढली, अल्लाहने वाचवले. अम्मी मागच्या सीटवर तसबीह हातात घेऊन बसल्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. ज्या दुरुस्तीवर विश्वास ठेवून मी आईला घाटात घेऊन गेलो, ती दुरुस्ती नव्हतीच.

परत आल्यावर चौथ्या गॅरेजने सांगितले की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेला आहे, तो बदलावा लागेल. सांगितलेली किंमत ऐकून गाडी विकून टाकावी असे मनात आले.

उस्तादांचे पाच प्रश्न

शेवटी एका ओळखीच्या माणसाने भिवंडीतल्या एका वयस्कर मिस्त्रीकडे पाठवले. ट्रकच्या डायनामो आणि सेल्फच्या कामापासून सुरुवात करून त्यांनी वायरिंगमध्ये उमर घालवलेली. बॉनेट उघडण्याआधी त्यांनी मला स्टुलावर बसवले आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"शेठ, बंद पडते तेव्हा इंजिन थंड असते की गरम?" मी म्हणालो, "बहुधा गरम." "रस्ता सपाट असतो की चढ?" आठवून पाहिले तर बहुतेक वेळा चढ किंवा जोरात पिकअप घेतानाची वेळ. "पाऊस, गाडी धुणे, असे काही?" नाही. "आरपीएमचा काटा हळूहळू खाली येतो की एकदम शून्यावर पडतो?" एकदम पडतो, हे मला घाटातले स्पष्ट आठवत होते. आणि पाचवा प्रश्न : "बंद पडल्यावर लगेच चावी मारून पाहिली का कधी?"

मी गप्प झालो. पहिल्या मिस्त्रीने वीस मिनिटे थांबायला सांगितले होते, म्हणून मी दर वेळी वीस मिनिटे थांबत होतो. उस्ताद हसले. "म्हणजे ती वीस मिनिटांनी सुरू होते हे खरे नाही. तुम्ही वीस मिनिटांनी सुरू करता, एवढेच खरे आहे."

या एका वाक्याने निदानाची दिशा बदलली. क्रँक सेन्सरच्या आतली तारेची गुंडाळी गरम होऊन तुटत असेल तर तो थंड होईपर्यंत इंजिन सहसा सुरूच होत नाही. पण तार बाहेर कुठे तरी तुटलेली असेल आणि ओढ बसली की सुटत असेल, तर ओढ संपताच ती पुन्हा जुळते आणि गाडी लगेच सुरू होऊ शकते. दोन्ही बिघाडांत स्कॅनरवर कोड एकच येतो!

काट्याचा प्रश्नही असाच अर्थपूर्ण होता. पेट्रोल कमी पडले तर इंजिन दम तोडत थांबते आणि काटा त्याच्याबरोबर खाली येतो. पण गाडी गिअरमध्ये पळत असताना चाके इंजिनला फिरवत असतात. अशा वेळी काटा एकदम शून्यावर पडला, तर फिरण्याची खबर ईसीएमपर्यंत पोहोचतच नाही असा अर्थ निघतो. ज्या गाड्यांत हा काटा ईसीएमच्या खबरीवर चालतो त्यांत ही खूण फार मोलाची असते. खबर थांबली की ईसीएम स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही बंद करतो. पंप निर्दोष असूनही पेट्रोल बंद होते ते यामुळेच.

मग उस्तादांनी चावी बंद करून सेन्सरचा आणि ईसीएमचा असे दोन्ही कपलर काढले. मीटर बीपवर ठेवून तारेची दोन टोके पकडली आणि शागिर्दाला वायरिंगचा गठ्ठा थोडा थोडा हलवायला सांगितला. बीप एकसारखी वाजत होती. सेन्सरच्या कपलरपासून वीतभर अंतरावर, जिथे वायरिंग एका लोखंडी पट्टीवर टेकत होते, तिथे हात लागताच बीप तुटली. हात सोडला, पुन्हा वाजली. वरची स्लीव्ह जवळजवळ शाबूत होती, आतले तांबे मात्र घासून एका बारीक धाग्यावर उरले होते. शिवाय इंजिनच्या फाउंडेशनचे रबर बसलेले. चढावर जोर लागला की इंजिन कलायचे, वायरिंग ओढले जायचे आणि तो धागा सुटायचा.

"मग नव्या सेन्सरने तीन आठवडे गाडी कशी चालली, उस्ताद?" मी विचारले. ते म्हणाले, "सेन्सर बसवताना वायर हलली, थोडी सैल पडली. बरे झाले ते हलवण्याने, सेन्सरने नव्हे."

सेन्सर गाडीत आले कुठून

कार्ब्युरेटरच्या काळात मिस्त्रीचा कान आणि स्क्रू ड्रायव्हर पुरेसा होता. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील नव्या खासगी गाड्यांना १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ ही धुराची मर्यादा लावली. पुढे ती मर्यादा देशभर पसरली आणि कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन, म्हणजे एमपीएफआय आले. पेट्रोल किती सोडायचे हे आता ईसीएम ठरवतो, आणि त्याला डोळे-कान म्हणून सेन्सर दिलेले असतात. क्रँक आणि कॅम सेन्सर इंजिनची जागा व गती सांगतात, मॅप किंवा एअरफ्लो सेन्सर हवेचा अंदाज देतो, थ्रॉटल सेन्सर अॅक्सिलरेटर किती दाबला ते सांगतो, पाण्याचा सेन्सर इंजिनची उष्णता आणि ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरमधल्या धुराची खबर देतो.

भिवंडी-मालेगावच्या बंधूंना हे लूमच्या उदाहरणाने लगेच कळेल. बाण्याचा धागा तुटला की लूम आपोआप थांबावा म्हणून त्याला काटा असतो. धागा शाबूत असताना लूम वारंवार थांबू लागला, तर अनुभवी जॉबर सूत बदलत बसत नाही. तो आधी काटा आणि त्याची जोडणी बघतो. खबर देणारा, खबर नेणारी वाट आणि खबर घेणारा, या तिघांपैकी चूक कोणाची हे ठरवणे म्हणजेच निदान.

कोड पत्ता सांगतो, गुन्हेगार सांगत नाही

स्कॅनर हे उत्तम हत्यार आहे, पण त्याचा कोड म्हणजे फतवा नव्हे. पी-०३३५ चा अर्थ "क्रँक सेन्सर खराब" असा नाही. "क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड" असा आहे. सर्किटमध्ये सेन्सर, दोन्हीकडचे कपलर, मधली तार, अर्थ आणि ईसीएम हे सगळे येतात. पी-०३४० कॅम सेन्सरच्या सर्किटचा, पी-०११५ ते पी-०११८ पाण्याच्या सेन्सरचे, पी-०१२० ते पी-०१२३ थ्रॉटलचे. हे सारे पत्ते आहेत. घराचा पत्ता मिळाला म्हणून घरातल्या पहिल्या दिसेल त्या माणसाला पकडायचे नसते.

काही वेळा तर सेन्सर अगदी खरे बोलत असतो. पी-०१७१ हा कोड सांगतो की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होत आहे. यात ऑक्सिजन सेन्सर फक्त साक्षीदार आहे. फाटलेला व्हॅक्यूमचा पाइप किंवा तुंबलेला पेट्रोलचा फिल्टर खरा दोषी असू शकतो. साक्षीदार बदलून खटला सुटत नाही.

कोडबरोबर पुष्कळ गाड्यांत 'फ्रीझ फ्रेम' जमा असते. बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम, वेग आणि उष्णता किती होती याची ती नोंद. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात ती सोन्याच्या मोलाची असते. म्हणून कोड पुसण्याआधी ती कागदावर उतरवून घ्यावी आणि "आधी बॅटरीची तार काढून बघू" हा सोपा उपाय टाळावा, कारण त्याने हा पुरावा नष्ट होऊ शकतो.

आणखी एक अडचण लक्षात ठेवावी. आपल्याकडे ओबीडी-१ ची सक्ती २०१० पासून आणि ओबीडी-२ ची २०१३ पासून झाली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत प्लग सारखा दिसला तरी भाषा कंपनीची स्वतःची असते. मोबाइलला जोडणारा स्वस्त स्कॅनर अशा गाडीशी बोललाच नाही, तर ईसीएम मेला असा निष्कर्ष काढू नये.

मालकाने काय करावे

या कामात अर्धे निदान मालकाच्या हातात असते. डॅशबोर्डमध्ये एक छोटी वही ठेवा आणि बिघाड झाला की त्याच दिवशी लिहा : तारीख व वेळ, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, इंजिन गरम की थंड, चढ, खड्डा, वळण की सपाट रस्ता, पाऊस किंवा आदल्या दिवशीचे सर्व्हिसिंग, गाडी पेट्रोलवर होती की सीएनजीवर, एसी, हेडलाइट चालू होते का, काटा कसा पडला, कोणता दिवा लागला, लगेच चावी मारल्यावर काय झाले. चार-पाच नोंदी झाल्या की दुखण्याची वेळ समजते. कापडाच्या थानात ठराविक अंतरावर तोच डाग येत असेल तर आपण ते अंतर मोजून कोणता रोलर खराब आहे ते ओळखतो. हेही तसेच आहे.

सुरक्षिततेची गोष्टही सांगून ठेवतो. इंजिन बंद पडले तरी ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरती ताकद उरलेली असते. पाय पुन्हा पुन्हा उचलून ती वाया घालवू नये. एकदाच घट्ट दाबून गाडी कडेला घ्यावी. चालत्या गाडीत चावी पूर्ण काढू नये, स्टेअरिंगला कुलूप लागते. कारण सापडेपर्यंत अशी गाडी घाटात नेऊ नये. मी नेली, ती चूक होती.

मिस्त्रीने कोणत्या क्रमाने जावे

उस्तादांकडून समजलेला क्रम असा, स्वस्तापासून महागाकडे :

१. बॅटरी आणि चार्जिंग. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा. व्होल्टेज पडले की ईसीएम भलतेच कोड देतो.

२. अर्थ. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनच्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थची पट्टी, तिचा बोल्ट आणि खालचा गंज साफ करावा. सेन्सरच्या अर्थच्या पिनवर, इंजिन चालू असताना, साधारण ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये.

३. कपलर. चावी बंद करून उघडावा आणि आत हिरवा गंज, तेल किंवा पाणी आहे का बघावे. मादी पिनचे तोंड सैल झालेले असेल तर बाहेरून सगळे ठीक दिसते, पण खड्ड्यात संपर्क सुटतो. सॅंडपेपर न मारता कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा.

४. वायरिंग. सायलेन्सरजवळ, पट्टीवर, बॅटरीखाली, जिथे जिथे घासते तिथे हात फिरवावा. उंदराने कुरतडलेली जागा शोधावी. बाहेरून बसवलेला सीएनजी किट, सेंट्रल लॉक आणि म्युझिक सिस्टीम यांचे पीळ मारून टेप लावलेले जोड आधी तपासावेत. इंजिन चालू ठेवून गठ्ठा हलवत जावे आणि स्कॅनरच्या चालू आकड्यांकडे दुसऱ्याने लक्ष ठेवावे.

५. बिघाडाची परिस्थिती उभी करणे. गरम झाल्यावर येतो तर हेअर ड्रायरने सेन्सर तापवावा. पावसात येतो तर फवाऱ्याने हलके पाणी मारावे. चढावर येतो तर इंजिन कलते का ते बघावे. बिघाड आपल्या डोळ्यांसमोर घडला पाहिजे, तोपर्यंत तो पकडला असे म्हणू नये.

६. सर्वांत शेवटी सेन्सर. पाण्याचा सेन्सर बहुतेक गाड्यांत उष्णता वाढली की रोध कमी होणारा असतो. साधारण २० अंशांना दोन-तीन हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. दोन तारांच्या अशा सेन्सरची एक सोपी युक्ती आहे. कपलर काढला की स्कॅनरवर उणे ४० च्या आसपास दिसावे आणि कपलरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या की आकडा एकदम खूप वर जावा. दोन्ही झाले तर तार आणि ईसीएम ठीक आहेत, दोष सेन्सरचा. थ्रॉटल सेन्सर सहसा अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत एकसारखा चढतो. सावकाश दाबताना मध्येच उडी मारली तर आतली पट्टी झिजली. ही उडी बघायला जुना काट्याचा मीटर डिजिटलपेक्षा बरा. गुंडाळीचा क्रँक सेन्सर ओहमवर मोजता येतो, हॉल पद्धतीचा नाही. त्याचा सिग्नलच बघावा लागतो. नेमके आकडे ज्या त्या गाडीच्या सर्व्हिसच्या पुस्तकातून घ्यावेत.

काही गोष्टी टाळाव्यात. तारेला सुई टोचून व्होल्टेज बघू नये, त्या भोकातून पाणी जाते. कपलरच्या मागून बारीक पिन सरकवावी. साधा बल्बचा टेस्टर ईसीएमच्या तारांना लावू नये. त्याने ओढलेला करंट ईसीएमला सोसेलच असे नाही. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुऊ नये. तारेचा जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी आणि जोडाला टायचा आधार द्यावा, नाही तर थरथरीने तो पुन्हा तुटतो. क्रँक सेन्सरच्या तारेवर जाळी असेल तर ती कापून टाकू नये, बाहेरचा करंट सिग्नलमध्ये मिसळू नये म्हणून ती असते.

तीनशे रुपयांचा प्रश्न

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. उस्तादांनी दोन तास खर्चून तार जोडली, आणि फाउंडेशनचे रबर बदलण्यासाठी मला फिटरकडे पाठवले. पैसे विचारले तर म्हणाले, "तार जोडायचे काय घेऊ शेठ? तीनशे द्या."

मी विचारात पडलो. आधीच्या तीन ठिकाणी मी हजारो रुपये निमूटपणे मोजले होते, कारण प्रत्येकाने माझ्या हातात एक डबा दिला होता. डब्यात नवा पार्ट होता. इथे डबा नव्हता, फक्त अक्कल आणि दोन तास होते, तर त्याची किंमत तीनशे! मी त्यांना जास्त दिले, त्यात मेहेरबानी काही नव्हती. पण घरी येताना वाटले की दोष एकट्या मिस्त्रींचा नाही. आपण ग्राहक पार्टचे पैसे देतो, तपासणीचे देत नाही. "नुसते बघितलेस ना, त्याचे कसले पैसे?" असे म्हणणारे आपणच. मग ज्याला घर चालवायचे आहे तो बघण्यात वेळ घालवील कशाला? तो पार्ट बदलेल. पार्टवर चार पैसे सुटतात. अंदाजाने पार्ट बदलण्याची सवय अशी आपणच लावली आहे.

यावर उपाय व्यवहाराचा आहे आणि शरीयतच्या चौकटीतलाही. मजुरी आधी ठरवून घेणे ही इजाऱ्याची पहिली अट. तपासणीची मजुरी वेगळी आणि दुरुस्तीची वेगळी, असे गाडी आत घेतानाच बोलून घ्यावे. कारण सापडो वा न सापडो, तपासणीच्या वेळेचे पैसे मालकाने द्यावेत. मिस्त्रीने बदललेला जुना पार्ट मालकाच्या हातात द्यावा, काय तपासले ते बिलावर दोन ओळींत लिहावे, आणि सापडले नसेल तर "सापडले नाही" असे साफ सांगावे. बिघाड डोळ्यांनी न बघता "काम झाले" म्हणणे हे खोट्या मापासारखेच आहे. माझ्या आईच्या बाबतीत त्या एका शब्दाची किंमत किती झाली असती!

गॅरेजमधल्या तरुणांना एक विनंती. एक चांगला मीटर घ्या, ज्या गाड्या तुमच्याकडे जास्त येतात त्यांचे वायरिंगचे नकाशे वाचायला शिका. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण मिळते. ते शक्य नसेल तर एखाद्या वायरिंगवाल्या उस्तादाच्या हाताखाली सहा महिने काढा. पाना चालवणारे पुष्कळ आहेत. अधूनमधून येणारा बिघाड पकडणारा मोहल्ल्यात एखादाच असतो, आणि त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्या शहरातून येते.

ऐब झाकून विकू नका

निदान होण्याआधी गाडी विकून टाकण्याचा विचार माझ्या मनात आला होता, हे मी लपवणार नाही. दिवा विझलेला असताना गिऱ्हाइकाला फेरी मारून दाखवली असती तर त्याला काहीच कळले नसते. कोड पुसून गाडी विकणारे बाजारात आहेतच. परंतु आपल्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील तो बाजारातला प्रसंग माहीत आहे. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, आतले धान्य भिजलेले निघाले, आणि भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. अधूनमधून बंद पडणारी गाडी म्हणजे वर कोरडा आणि आत भिजलेला ढीगच आहे. फिक्हमध्ये 'खियारे ऐब' म्हणून ग्राहकाचा हक्क सांगितला आहे. विकताना लपलेला दोष नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा अधिकार त्याला आहे. कापडाच्या थानातला फॉल्ट आपण घडीच्या आत दडवत नाही, तर गाडीतला का दडवावा? इथे तर फॉल्टमुळे पैसाच नव्हे, माणूसही जाऊ शकतो.

जुनी गाडी घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. चावी ऑन केल्यावर चेक लाइट आधी लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. थंड इंजिन स्वतः सुरू करून बघावे, किमान अर्धा तास चालवावे, चढावर न्यावे, आणि विक्रेत्याला सरळ विचारावे, "कधी रस्त्यात बंद पडली आहे का?"

माझी गाडी अल्लाहच्या कृपेने त्या दिवसापासून एकदाही बंद पडलेली नाही. पुढच्याच महिन्यात मी एकट्याने दोनदा कसारा घाट चढून पाहिला, आणि मगच अम्मीला मालेगावला नेऊन आणले. घाट संपेपर्यंत त्यांच्या हातातली तसबीह चालू होती. इगतपुरी आल्यावर त्यांनी ती बाजूला ठेवली आणि चहासाठी गाडी थांबवायला सांगितली.